तिसऱ्या महिन्याचा हिशेब

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हा गोल गुच्छ म्हणजे ल्युपस झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातील एक गाळणी, ग्लोमेरुलस. बायोप्सीच्या सुईने काढलेल्या दोऱ्याएवढ्या तुकड्यात अशा किमान दहा तरी गाळण्या असाव्यात, अशी पॅथॉलॉजिस्टची अपेक्षा असते. काळोखात हिरवे चमकणारे ठिपके हे ल्युपस या आजारात शरीरानेच स्वतःविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांचे साठे आहेत, तर पुढच्या काचपट्टीवर निळा रंग धरलेला भाग व्रणऊतीचा आहे. यावरून दोन स्वतंत्र गुणांक काढले जातात: चालू दाहाला २४ पैकी आणि कायमच्या हानीला १२ पैकी. औषध पहिला आकडा खाली आणू शकते. दुसऱ्यापुढे त्याचे फारसे काही चालत नाही.

एवढे बारकाईने पाहूनही, बायोप्सीवरून एकाच वर्गात मोडणाऱ्या दोन रुग्णांपैकी मायकोफेनोलेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध कोणाला लागू पडेल, हे ही काचपट्टी सांगत नाही. २००३ साली ठरलेले सहा वर्ग रोगाचे आजचे रूप दाखवतात, उद्याची चाल नव्हे.

ती चाल लघवीत दिसू लागते. युरो-ल्युपस या औषध-चाचणीतील रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असता, उपचारांच्या बाराव्या महिन्यात लघवीवाटे दिवसाला ०.८ ग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाणे, हे मूत्रपिंड पुढे टिकण्याचे सर्वांत भरवशाचे लक्षण ठरले. त्याला लघवीतील तांबड्या पेशींच्या मोजणीची जोड दिल्यावर अंदाज सुधारण्याऐवजी बिघडला. मात्र वर्षभर थांबणे महागात पडते, कारण दाह चालू राहिला तर व्रण वाढतच जातात. म्हणूनच युरोपीय मार्गदर्शक सूचना तिसऱ्या महिन्यातच प्रथिनात किमान २५ टक्के आणि सहाव्या महिन्यात ५० टक्के घट अपेक्षितात.

प्रथिन जुन्या व्रणामुळे जात आहे की चालू दाहामुळे, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. लघवीच्या नमुन्यांच्या या नळ्यांत शोधले जात आहे ते सीडी१६३, म्हणजे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींनी टाकलेले प्रथिन, आणि त्याच्या जोडीला आयएल-१६ हे दाहाचा संदेश नेणारे प्रथिन. उपचारांना प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांत ही दोन्ही पहिल्या तीन महिन्यांतच उतरल्याचे अमेरिकेतील अभ्यासात आढळले आहे.



या नव्या चाचण्या अद्याप नेहमीच्या तपासणीत आलेल्या नाहीत. लघवीवाटे किती प्रथिन जाते हे दाखवणारे प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मात्र साध्या प्रयोगशाळेतही काढता येते, आणि तिसऱ्या महिन्यात ते पुरेसे उतरले नसेल, तर रुग्ण गोळ्या नियमित घेतो आहे ना, ही विचारपूस औषध बदलण्याआधी व्हायला हवी.