"बरी दिसतेस की!": लांबलेल्या दुखण्यातली आशा

नमस्कार. आधी ही बाटली बघा.

(पाण्याची बाटली कॅमेऱ्यासमोर धरते.)

साधं फिरकीचं झाकण आहे. सकाळी आठला मला ते उघडत नाही, दुपारी बाराला उघडतं. बाटली तीच, हातही तेच. मला रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आमवात. यंदा अकरा वर्षं झाली.

सकाळचं हे प्रकरण आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त बोलणी यावरूनच खावी लागतात. या आजारात आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि तिथं सूज येते. ती सूज भडकवणारं इंटरल्यूकिन-६ नावाचं एक रसायन असतं, आणि त्याचं रक्तातलं प्रमाण पहाटेच्या सुमाराला चढलेलं असतं. म्हणून उठल्याउठल्या बोटं मिटत नाहीत. तासभर, कधी त्याहून जास्त. आठ वाजता जिला शर्टाचं बटण लागत नाही, ती अकराला व्यवस्थित टाइप करते. बघणाऱ्याला वाटतं, सोंग आहे. वर "बरी दिसतेस की!" आहेच. दिसते हो. दिसण्याचं औषध वेगळं मिळतं.

आता आशेबद्दल. पहिली दोन वर्षं माझी आशा म्हणजे एक तारीख होती. तीन महिन्यांत बरं वाटेल. बरं, सहा महिन्यांत. मग पुढच्या वर्षी नक्की. तारीख उलटली की मी आडवी, आणि दर वेळी उठायला आधीपेक्षा जास्त दिवस लागायचे. दुखण्यापेक्षा त्या हुकलेल्या तारखांनी मला जास्त थकवलं, असं आता वाटतं. सुरुवातीला चौकशी करणारे हळूहळू थांबले तेही याच काळात. रोज मरे त्याला कोण रडे! त्यांचाही दोष नाही म्हणा, दर वेळी तेच उत्तर किती ऐकणार?

मग एका मानसशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. चार्ल्स स्नायडर, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले. १९९१ साली त्यांनी आशेची जी मांडणी केली, तिच्यात "सगळं छान होईल" याला जागाच नाही. काहीतरी गाठायचंय, तिथं जायच्या वाटा सुचताहेत आणि त्या वाटेनं आपण चालू शकू असं वाटतंय, याला ते आशा म्हणतात. यातला "वाटा" हा शब्द मला धरून बसला. एक बंद झाली तर दुसरी. म्हणजे बाटली उघडायची आहे, बोटांनी नाही जमत, तर रबरी पकड लावून. नाहीतर रात्रीच झाकण सैल करून ठेवायचं. नाहीतर हाक मारायची. हाक मारणं हीसुद्धा वाट आहे, हे पटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्वभाव, दुसरं काय!

रेन्वार हा फ्रेंच चित्रकार तुम्हाला माहीत असेल. त्याला हाच आजार होता. १९१९ मध्ये तो गेला, तोवर बरीच वर्षं चाकाच्या खुर्चीत होता, बोटं तळव्याकडे वळून गेलेली. तरी तो रंगवत राहिला. लोक सांगतात, कुंचला हाताला बांधायचे. खरं तर हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या तळव्याची कातडी सोलवटू नये म्हणून होत्या, कुंचला त्याच्या वळलेल्या बोटांत दुसरं कुणीतरी अडकवून द्यायचं. मोठा कॅनव्हास त्याच्यापुढे सरकवता यावा अशी रुळांची सोयही करून घेतली होती. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि आहेच. मला मात्र तो कुंचला अडकवून देणारा माणूस दिसतो. ज्याच्याकडे असा माणूस नाही, त्याला नुसती जिद्द सांगू नये.

तुमच्या लक्षात आलं असेल, माझा कुर्ता मधेच बदललाय. हा व्हिडिओ तीन दिवसांत शूट झालाय. रोज पंधरा मिनिटं, गजर लावून. गजर झाला की थांबायचं, अंगात जोर असला तरी. खरं म्हणजे असला तरच. पूर्वी मी उलटं करायचे. बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उपसायचं आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते पैशाबद्दल, पण ताकदीलाही लागू आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांती घेऊनही न जाणाऱ्या थकव्याचा आजार, असलेल्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. जास्त दगदगीचा फटका त्यांना कधीकधी एक-दोन दिवसांनी बसतो, त्यामुळे कशानं बसला तेच कळत नाही. दोन ओळींची रोजची नोंद ठेवा, तिसऱ्या आठवड्यात काहीतरी दिसायला लागतं.

एक गोष्ट घाईत सांगते, पण हलकी घेऊ नका. लांबलेल्या दुखण्यात नैराश्य येणं फार सर्रास आहे. आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो तुमचा कमकुवतपणा नव्हे. तेही दुखणंच आहे, त्यावरही उपचार आहेत. सांध्यांच्या डॉक्टरांना हे सांगायला मला चार वर्षं लागली. त्यांनी शांतपणे पुढची चिठ्ठी लिहिली. एवढंच.

आणि घरच्यांसाठी, "आज कसं वाटतंय?" यापेक्षा "आज काय करून देऊ?" हे विचारा. पहिल्याचं उत्तर द्यायला मला—

(गजर वाजतो.)

झालं. उद्या तपासणी आहे, त्यामुळे हात राखून ठेवायचेत. दादा, बंद कर कॅमेरा. आणि ती बाटली उघडून दे जरा.