दादा नाल्ल

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र सरत आला. मानकुराद बाजारात आलाय. म्हापशाच्या बाजारात डझनाचा भाव ऐकून आपण दोनदा विचारतो, पण घेतोच. घ्यावाच. हापूस मोठा असेल, परदेशी जात असेल, पण पोराच्या हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळावा असा रस मानकुरादाचा. असो, आजचा विषय आंबा नाही.

आजचं बोलणं आहे ते ज्या घरात दीड-दोन-अडीच वर्षांचं मूल आहे त्या घरासाठी. आता पुढचे दोन-अडीच महिने आपल्याकडे काय नसतं? मुंजी, लग्नं, गृहप्रवेश. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराई देवीची जत्रा. मामाचं घर, समुद्र, फेरीबोट, आगगाडी. आणि पाऊस लागला की २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. तरुण आईबाप या सगळ्यात लेकराला कडेवर घेऊन फिरतात. मीही फिरले. त्यातून मला एकच गोष्ट कळली, ती आज सांगते.

मुलाला आधी सांगा.

कुठे जायचंय, तिथे काय दिसणार, कोण काय करणार, हे मुलाला आधी सांगा. ते अजून बोलत नसलं तरी सांगा. मूल बोलायला लागतं त्याच्या कितीतरी आधी त्याला समजायला लागलेलं असतं. आपण पिशवी भरतो, औषधं घेतो, गाडीत पेट्रोल घालतो, आणि ज्याच्यासाठी एवढं करतो त्यालाच सांगायचं राहून जातं.

माझंही राहिलं होतं. ती गोष्ट ऐका.

माझं माहेर माशेलचं. देवकीकृष्णाच्या देवळापासून घर अगदी जवळ. तुम्ही दर्शन घेतलं असेल. आई आणि बाळकृष्ण दोघांची एकत्र पूजा होते असं ते देऊळ. मूळ स्थान चोडण बेटावरचं. पोर्तुगीज अमलात देव आधी मयेला नेले, मग माशेलला आणले. लहानपणी हे नुसतं ऐकलं होतं. स्वतःची लेक कडेवर आली तेव्हा एकदा गाभाऱ्यासमोर उभी असताना मनात आलं, ही माउलीही लेकराला घेऊन नदी ओलांडून, मुक्काम करत करतच इथवर आली. त्या दिवसापासून मी तिथे हात जोडते ते वेगळ्या भावनेने.

तर, गेल्या वैशाखात माझ्या भाच्याची मुंज होती. भाचा आठ वर्षांचा. माझी लेक दोन वर्षांची, घरात सगळे तिला बाय म्हणतात. बायचा या दादावर फार जीव. दादाचे केस दाट, कुरळे, कपाळावर येणारे. माहेरी गेलं की ही त्याच्या पाठीवर बसायची आणि दोन्ही मुठींत ते केस गच्च धरायची. मग दादा ओटीवरून अंगणात, अंगणातून माजघरात. त्याला दुखत असणार, पण त्याने कधी तिचा हात सोडवला नाही.

मुंजीला निघताना मी काय काय घेतलं होतं म्हणता? कपड्यांचे सहा जोड, पेजेसाठी उकडे तांदूळ, तिची वाटी, तिची चादर, मच्छरदाणी, तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं. सगळं घेतलं. तिला मात्र एवढंच सांगितलं, ‘दादाकडे जायचंय.’

घरच्याच अंगणात माटव घातला होता, माडाच्या झावळांचा. मला विचाराल तर मुंज घरच्याच अंगणात व्हावी. हॉलमध्ये सोय होते हे खरं, पण तिथे मुलाला पाय टाकायला आपली अशी जागा नसते. शिवाय तो ध्वनिक्षेपक! भटजींचा साधा आवाज तान्ह्या मुलांना झोपवतो, तोच कर्ण्यातून आला की दचकवतो. आमच्याकडे माईक नव्हता, म्हणून सकाळी बाय मजेत होती. तुळशीपाशी रांगोळी पुसून झाली, फुलं विस्कटून झाली.

मग नाभिक आले. दादा पाटावर बसला. आत्या म्हणून मी शेजारीच, आणि बाय माझ्या मांडीवर. डोकं भिजवलं, वस्तरा लागला, आणि पहिली कुरळी बट केळीच्या पानावर पडली. मग दुसरी. बाय बघत होती. अगदी गप्प, तोंड किंचित उघडं. मला वाटलं, लेकीला गंमत वाटतेय. आपण मोठी माणसं ही चूक नेहमी करतो, मूल गप्प बसलं की ते खूश आहे असं धरून चालतो.

दादाला आत अंघोळीला नेलं. लंगोटी नेसून, हळद-चंदन लावून तो बाहेर आला. गुळगुळीत डोकं, मागे तेवढी शेंडी. हसत हसत थेट तिच्याकडे आला आणि त्याने हात पुढे केले.

बायने अशी किंकाळी फोडली की भटजींचे मंत्र थांबले.

‘दादा खंय? दादा खंय?’ दादा कुठे, हा एकच प्रश्न. आम्ही सगळे म्हणतोय, ‘अगं, हाच दादा!’ ती मान फिरवते. माझ्या हातातून निसटली, धावत त्या केळीच्या पानापाशी गेली, आणि पानावरचे केस दोन्ही मुठींत धरून बसली. जसे पाठीवर बसल्यावर धरायची, तसेच. तिच्या लेखी दादा तिथे होता, त्या पानावर.

माझ्या पोटात कालवलं, श्रोतेहो. त्या मुठी मी बळेच सोडवल्या आणि तिला आतल्या खोलीत नेलं. रडून रडून ती झोपली. बाहेर मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी त्या खोलीतूनच ऐकल्या.

संध्याकाळी भिक्षावळ. बटू झोळी घेऊन प्रत्येकीपुढे, ‘ॐ भवति भिक्षां देहि.’ माझ्यापुढे आला, मी लाडू घातला. बाय माझ्या पदरात तोंड खुपसून उभी. त्या आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. एवढं कौतुक, एवढ्या भेटी, आणि त्याने मला हळूच विचारलं, ‘आत्ये, ती मला विसरली?’

रात्रभर मला त्याचंच वाटत राहिलं. तिचंही वाटत राहिलं. दोघांपैकी चूक एकाचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई, म्हणजे बायची आजी, अंगणात कोयता घेऊन बसली. पुढ्यात एक न सोललेला नारळ. म्हणाली, ‘बाय, हांगा यो.’ बाय गेली. आजीने कोयत्याने एक सोडण काढलं. ‘हे नाल्लाचे केंस,’ म्हणाली, ‘काडले.’ दुसरं सोडण. ‘काडले.’ आता बायही म्हणायला लागली, ‘काल्ले.’ असं करत आजीने आख्खा नारळ सोलला आणि पूजेच्या नारळाला ठेवतो तशी शेंडी तेवढी ठेवली. मग विचारलं, ‘नाल्ल खंय गेलो?’ बायने नारळावर हात ठेवला. आजीने तो तिच्या कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुबडुबलं. ‘भितर उदक आसा न्हय? नाल्ल तोच.’

दादा तुळशीपाशी उभा होता, डोक्याला टोपी. आजीने त्याला बोलावलं, खाली बसवलं आणि टोपी काढली. काही बोलली नाही. बायने नारळाकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. पुन्हा नारळाकडे. एका हाताने नारळाची शेंडी चाचपली, दुसऱ्या हाताने त्याची. मग पुढे वाकली आणि त्याच्या डोक्याला कान लावला!

आम्ही श्वास धरून बसलो होतो. आणि त्या शहाण्या मुलाने, कुणी न सांगता, तोंडातल्या तोंडात आवाज काढला, ‘डुबुक, डुबुक.’

बाय खदखदून हसली. ‘दादा नाल्ल!’ म्हणाली. दादा नाल्ल, दादा नाल्ल, असं दिवसभर चाललं. दुपारी ती त्याच्या पाठीवर होती. धरायला केस नव्हते, म्हणून तिने दोन्ही कान धरले होते.

माझी आई प्राथमिक शाळेच्या पलीकडे शिकलेली नाही. तिने मला एवढंच म्हटलं, ‘हें कालच सांगचें आशिल्लें.’ हे कालच सांगायला हवं होतं. तिने नारळ आदल्या दिवशी सोलला असता, तर लेकरू रडलं नसतं.

म्हणून म्हणते, आधी सांगा. आणि नुसत्या शब्दांनी नको, दाखवून सांगा. लग्नाला नेताय? फटाके असतील तर ‘धडाम होणार, आपण कान धरायचे’ हा खेळ घरी दोनदा खेळून जा. लग्नघरात आणखी एक होतं, मूल हातोहात फिरतं. मावशीने ओढलं, काकीने ओढलं, अनोळखी आजीने गालगुच्चा घेतला. कौतुक असतं ते, मला मान्य आहे. पण मुलाने मान फिरवली तर त्याला सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे सांगते. जत्रेचंही तसंच. देव सगळ्यांचा, पण रात्रीच्या रेटारेटीत दोन वर्षांचं मूल नेऊ नये. सकाळी गर्दी ओसरल्यावर दर्शन घ्या.

समुद्रावर जाताना आधी सांगा की लाट येते आणि परत जाते. पहिल्या दिवशी ओल्या वाळूवर बसून नुसतं बघू द्या, पाण्यात ओढू नका. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलाच किनारा निवडा, आणि लाल झेंडा असेल तर पाण्याजवळसुद्धा नको. ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, ११ ते ४ घरातच बरं. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा, बहुतेक पाकिटांना एक लिटर पाणी लागतं. अंदाजाने पेलाभर पाण्यात नको. आणि आपल्या गोव्यात हे बजावून सांगायला हवं: अख्खा काजूगर लहान मुलाच्या हातात देऊ नका. पाहुणे प्रेमाने देतात, पण तो घशात अडकतो. बारीक कुटून द्या. पुन्हा सांगते, अख्खा काजूगर नको.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट मात्र जरूर दाखवा. माझे आजोबा फेरीबोटीला गासोलीन म्हणायचे. धक्क्यावर उभं राहून आधी सांगा, आता साखळी वाजणार, आता फळी खाली येणार. पलीकडे उतरलं की खारफुटीत डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. पूल झाले की माणसं लवकर पोचतात, हे मला पटतं. पण नदी ओलांडताना पाण्याचा वास मुलाच्या नाकात जावा असं वाटत असेल, तर फेरीबोटी राहायलाच हव्यात. बोलता बोलता विषय सुटला, माफ करा.

आता आगगाडी. माहेरून परतल्यावर महिनाभराने आम्ही करमळीहून चिपळूणला निघालो, यांच्या मावशीकडे. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही, ते ठाऊकच असेल. आणि जूनमध्ये जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघून निघा, गाड्या सावकाश धावतात, वेळा बदलतात. पण मला भीती होती बोगद्यांची. वाटेत बोगद्यांमागून बोगदे, आणि रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा!

या वेळी आम्ही आधी सांगितलं. आठवडाभर रोज रात्री चादरीचा बोगदा केला. बाय एका बाजूने शिरायची, मी म्हणायची, ‘आतां काळोख.’ दुसऱ्या बाजूने डोकं बाहेर आलं की, ‘उजवाड!’ तिला ते इतकं आवडलं की झोपेना.

गाडीत पहिला बोगदा आला. अंधार, आणि रुळांचा तो घुमणारा आवाज. समोरच्या बाकावर एक मुलगा होता, बायएवढाच. तो घाबरून आईला बिलगला आणि रडायला लागला. बाय माझ्या मांडीवरून उतरली, बाकाला धरत धरत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, ‘काळोख... मागीर उजवाड.’ काळोख, मग उजेड. दर बोगद्याला तेच. करबुड्याच्या आत शिरलो तेव्हा ते फार वेळ चाललं. काळोख, मागीर उजवाड, काळोख, मागीर उजवाड. त्या मुलाचं रडणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. उजेड आला तेव्हा दोघं खिडकीच्या गजाला धरून उभी होती, पुढच्या बोगद्याची वाट बघत.

नमस्कार.