डाव्या पायाची सूज आणि पोटातली शीर

श्रोतेहो, नमस्कार. पायावरच्या निळ्या, फुगलेल्या, गाठाळ शिरा तुम्ही घरात कुणा ना कुणाच्या पाहिल्याच असतील. बहुतेकांचं दुखणं पायातलंच असतं. शिरांमधल्या झडपा ढिल्या पडतात आणि वर चढणारं रक्त खाली उतरतं. पण थोड्या जणांचं मूळ वर, पोटात, कमरेच्या मणक्यापाशी असतं. ते वेळेवर कसं ओळखायचं, एवढंच आज सांगायचंय.

अमळनेरकडच्या एक अक्का माझ्याकडे आल्या होत्या. वय चाळिशीचं. लग्नसराईत मांडे करायला त्यांना गावोगावहून बोलावणं. चुलीवर खापर पालथं घातलेलं, आणि या बाई तासन् तास उभ्या. पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा नि अलगद खापरावर टाकायचा. एका ठिकाणी त्यांच्या शिरांवर लेझरचा उपचार झाला होता, वर्षभरात शिरा परत वर आल्या. घरचे म्हणत, उभं राहून राहून झालंय. अक्का मला म्हणाल्या, "साहेब, मना डावाच पाय सुजस, उजवाले काहीच व्हत नही."

तपासताना माझं लक्ष त्यांच्या तोरड्यांकडे गेलं. डाव्या तोरडीच्या टोकाला तीन कड्या नव्या, बाकीच्यांपेक्षा चकचकीत. विचारलं तर म्हणाल्या, धाकट्याच्या बाळंतपणानंतर तोरडी बसेना, म्हणून सराफाकडून वाढवून घेतल्या. उजवी तोरडी लग्नातली, आहे तशी. उभं तर दोन्ही पायांवर राहतात! मग सुजायला एकच पाय कसा?

टेप लावून मोजलं. पोटरी तर जाड होतीच, मांडीही डावीच जाड. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडलेली, खाजरी. जांघेत आणि ओटीपोटाच्या खालीही शिरा उठलेल्या. पायाची सोनोग्राफी त्यांनी आधी केलेली होती. मी पोटापर्यंत करायला सांगितली. उजव्या जांघेतल्या शिरेत रक्ताचा वेग श्वासाबरोबर कमी-जास्त होत होता. डावीकडे एकसारखा सपाट, म्हणजे वर कुठंतरी अडलंय. मग शिरांचं सीटी स्कॅन केलं आणि जागा सापडली. उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला ओलांडून जाते, आणि अक्कांची शीर त्या धमनीखाली पाचव्या कंबरमणक्यावर पार चपटी झाली होती. पाटाच्या तोंडाशी ढेकूळ अडकलं की पाणी मागच्या वाफ्यात तुंबतं, तसं सगळं रक्त मांडी-पोटरीत तुंबत होतं.

पुढचं काम नाशिकला झालं. शिरेच्या आत बारीक सोनोग्राफीची नळी घालून शीर किती दबलीय ते पाहिलं, आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवला. काही आठवड्यांत मांडीची सूज उतरली. मांडे त्या अजूनही करतात, मध्येमध्ये बसून.

    

१९५७ साली मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी ऑस्ट्रियात ४३० मृतदेह तपासले. जवळपास २२ टक्क्यांत या दाबाच्या जागी शिरेच्या आत पडद्यासारखा अडसर दिसला. म्हणजे अशी रचना दुर्मीळ मुळीच नाही, आणि कित्येकांना तिचा त्रासही होत नाही. म्हणून नुसता दाब दिसला की स्टेंट, असं करू नये. त्रास आणि दाब, दोन्ही जुळले पाहिजेत.

तेव्हा ध्यानात ठेवा: एकच पाय, बहुधा डावा, आणि सूज मांडीपर्यंत. पुन्हा सांगतो, एकच पाय, बहुधा डावा, आणि सूज मांडीपर्यंत. जोडीला उपचारानंतर परत आलेल्या शिरा, घोट्याजवळची न भरणारी जखम, जांघेतल्या शिरा, पूर्वी झालेली रक्ताची गाठ किंवा बाळंतपणानंतर सुरू झालेला त्रास असेल, तर शंका अधिक पक्की. यातली एक खूण पुरेशी नाही. खुणा जितक्या जास्त, तितकी पोटातली शीर पाहायची गरज मोठी. डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, पोटातलीही शीर पाहायची का?"

आणि पाय एका दिवसात अचानक सुजून घट्ट झाला, दुखायला लागला, तर तेल लावून चोळू नका, मालीश करू नका. ती रक्ताची गाठ असू शकते, आणि ती फुप्फुसात सरकू शकते. सोबत दम लागत असेल तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ ला फोन करा.