पीळ असलेले शब्द

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, एकाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांचे अर्थ एकमेकांच्या इतके जवळ का असतात आणि मुलांना शिकवताना त्याचा काय उपयोग, असा आजचा विषय आहे. त्याआधी एक तक्रार मांडतो. बरेच दिवस मनात साचली आहे.

माझ्या भाचीला तिच्या क्लासनं शब्दार्थांची वही दिली. एबीसीडीच्या क्रमानं शब्द, समोर अर्थ. ग्लीम, चमकणे. ग्लिमर, चमकणे. ग्लिंट, ग्लिसन, ग्लिटर, सगळे चमकणे! पाच शब्दांना एक अर्थ, आणि पोरगी डोळे मिटून घोकतेय. अहो, मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय? कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, काचेआड कोल्हापुरी साज दिव्याखाली झगमगतो, ते ग्लिटर. रंकाळा तलावाच्या पलीकडच्या काठावर एखादा दिवा लुकलुकतो, ते ग्लिमर. पावसात भिजलेलं केळीचं पान तुकतुकतं, ते ग्लिसन. चिंचेनं घासलेला तांब्या लखलखतो, ते ग्लीम. आणि सुरीच्या पात्यावरून उजेड क्षणभर चमकून जातो, ते ग्लिंट. वहीतलं 'चमकणे' शोभतं ते फक्त इथं. हे पाचही शब्द त्या पानावर एकाखाली एक आलेच होते. ते शेजारी का आलेत, एवढं विचारायला कुणाला सवड नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझ्या आवडत्या घराण्याकडे येतो. डब्ल्यू आणि आर. रिस्ट म्हणजे मनगट, रिंच म्हणजे पाना, रिंकल म्हणजे सुरकुती. रिगल म्हणजे वळवळणं, रीथ म्हणजे वळवून गुंफलेलं पुष्पचक्र, आणि डब्ल्यूवालं रिंग म्हणजे ओलं कापड पिळणं. मुलं विचारतात, हा डब्ल्यू बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला? जुन्या इंग्रजीत तो बोलला जायचा. उच्चार गेला, अक्षर राहिलं आणि त्याच्यासोबत अर्थही राहिला. कुठला? पीळ. वळण. मनगट वळतं, पाना फिरवतात, सुरकुती म्हणजे कातडीला पडलेली मुरड.

हे लक्षात आलेला एक जुना माणूस म्हणजे जॉन वॉलिस. 1653 साली त्यानं इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं आणि त्यात अशा आरंभांची यादी दिली. माणूस मुळात गणिती. अनंतासाठी आपण आडवा आठ काढतो ना, ते चिन्ह त्याचंच, 1655 सालचं.

हे मी एकदा वर्गात सांगत होतो. रेसल, म्हणजे कुस्ती खेळणं, हा शब्दही ह्याच घराण्यातला. मूळ अर्थ पिळणं, मुरगाळणं. मागच्या बाकावर तालमीत जाणारा एक पोरगा होता, कान मोडलेला. तो उठून म्हणाला, "सर, म्हंजे आमच्या डावपेचातला पेच आन् ह्यो एकच की वो!" मी खडू खाली ठेवला. पेच म्हणजे पीळच. पेचकस त्यातलाच, पेचप्रसंगही त्यातलाच. 1912 पासून खासबागेत कुस्त्या बघणाऱ्या ह्या गावाला रेसल शिकवायला पुस्तकाची गरज काय? उद्यमनगरात पाना फिरवणाऱ्या हाताला रिंच कळायला किती वेळ लागेल? त्या पोरानं पुढं राँगचा अर्थ विचारला. राँग म्हणजे मुळात वाकडं. रॉथ, म्हणजे राग, तोही मुळात पिळवटलेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आपण रागीट, हट्टी माणसाबद्दलच म्हणतो ना? इंग्रजाच्या आणि आपल्या म्हाताऱ्यांना दिसलं ते एकच.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच, भराभर सांगतो.

अशा आरंभांना फोनेस्थीम म्हणतात. हे नाव 1930 साली इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी दिलं. त्याआधी ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. आवाज आणि अर्थ यांचं नातं केवळ संकेताचं, म्हणजे माणसांनी ठरवलेलं, असं स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर शिकवत. त्यांची व्याख्यानं 1916 साली छापून आली. त्यांचं म्हणणं बहुतांशी खरंच आहे. पण शब्द शेजाऱ्यांकडे बघून बदलतात हेही खरं. शिंकेला जुना शब्द एफ आणि एननं सुरू व्हायचा. तो जोड इंग्रजीतून उठला आणि शिंक स्नीझ झाली. स्नोअर, स्नाउट, स्नॉट, स्निफ ही सगळी नाकाची मंडळी तिथं आधीच बसलेली होती.

दोन पथ्यं. ट्रान्स, टेली हे लॅटिन-ग्रीकमधून आलेले तुकडे; त्यांना स्वतःचा ठरलेला अर्थ असतो, ते वेगळे शिकवा. आणि प्रत्येक शब्द कुळात कोंबू नका. डब्ल्यूवाल्या राइटमध्ये, म्हणजे लिहिण्यात, पीळ नाही. मूळ अर्थ ओरखडा काढणं, कोरणं. ग्लव्हमध्ये उजेड नाही. असे शब्द मुलांनाच शोधून काढू द्या, त्यात त्यांना फार गोडी वाटते.

शिक्षकांनी एवढंच करावं. आठवड्याला एक आरंभ घ्यावा, फळ्यावर पाच-सहा शब्द लिहावेत आणि प्रत्येकासमोर मराठीतला वेगळा, नेमका शब्द मुलांकडूनच काढून घ्यावा. पुढचा आरंभ एस आणि एल घ्या: स्लिप, स्लाइड, स्लाइम, स्लश. निसटणं, घसरणं, बुळबुळीत, चिखल. हे तर पावसाळ्यात मुलं चालता चालता शिकतील.

वेळ संपली. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.