घानाहून आलेली हार्ड डिस्क

[न्हावा शेवा. पहाट. क्रेनचे दिवे, रांगेत उभे ट्रेलर.]

या कंटेनरकडे जरा जवळून बघा. बाजूवर चार अक्षरं आणि सात आकडे. बाहेरून एवढंच कळतं. आत द्राक्षं आहेत की तयार कपडे, माल कुणाचा, कुठल्या जहाजावर चढायचा, कस्टमनं सोडला की अडवला, यातलं काहीच पत्र्यावर लिहिलेलं नसतं. ते सगळं टर्मिनलच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. तो बंद पडला की पेटी डोळ्यांसमोर उभी असते आणि तरी सापडत नाही.

२७ जून २०१७, मंगळवार. जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया त्या दिवशी असं आंधळं झालं. वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानं वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता. पण कुठली पेटी कुणाची, हेच सांगता येईना. कामगारांनी आणि कारकुनांनी हातानं काम सुरू केलं, कागदावर. पेट्या साठू लागल्या, तशी बंदराला त्या ठेवण्यासाठी जादा जागेची तजवीज करावी लागली.

आपल्याकडे ही बातमी चार दिवस छापून आली आणि मागे पडली. मला मात्र तिच्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. जे कॉम्प्युटर गेले, ते परत कसे आले?

[नकाशा. कीव्ह, कोपनहेगन, मेडनहेड, अक्रा, न्हावा शेवा.]

गेटवे टर्मिनल चालवते एपीएम टर्मिनल्स. ही कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. आणि मर्स्कवर आलेलं संकट निघालं होतं युक्रेनमधून. तिथं कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुतेक धंद्यांत वापरलं जाई. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. पुढे या व्हायरसला नॉटपेट्या (NotPetya) असं नाव पडलं.

एका कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं की त्याच्या मेमरीतले पासवर्ड उचलायचं आणि त्याच पासवर्डनं शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये जायचं. विंडोजमधलं एक भोकही त्याला ठाऊक होतं. ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. पण चोरलेला पासवर्ड अॅडमिनचा, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अधिकार असलेल्या खात्याचा असेल, तर दुरुस्ती केलेलं यंत्रही वाचत नसे. मग कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू व्हायचा आणि पडद्यावर डिस्क तपासणीचे आकडे पळू लागायचे. बघणाऱ्याला वाटे, दुरुस्ती चाललीय. खरं तर त्याच वेळी डिस्कवरची फायलींची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असे. शेवटी ३०० डॉलरची मागणी. पैसे भरले तरी किल्ली मिळणार नव्हती, कारण पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाचा किल्लीशी काही संबंधच नव्हता.

[इंग्लंड. मेडनहेड गावातली एक कार्यालयीन इमारत.]

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या मेडनहेडमध्ये मर्स्कच्या तंत्रज्ञांनी ठाण मांडलं. कंपनीच्या स्वतःच्या लॅपटॉपना कुणाला हात लावता येईना. माणसं दुकानांत जाऊन नवे लॅपटॉप आणि इंटरनेटचे डोंगल विकत घेऊन आली.

बॅकअप नव्हते असं नाही. बहुतेक सर्व्हरच्या माहितीच्या तीन ते सात दिवस जुन्या प्रती शाबूत होत्या. पण त्या उतरवायच्या कशावर? एक थर सगळ्यांच्या खाली होता आणि त्याचीच प्रत सापडत नव्हती.

तो थर म्हणजे डोमेन कंट्रोलर. मोठ्या कंपनीत तुम्ही सकाळी पासवर्ड टाकता, तेव्हा तुमच्या समोरचा कॉम्प्युटर स्वतः निर्णय घेत नाही. तो डोमेन कंट्रोलरला विचारतो: हा माणूस आपला का? याला कुठल्या खोलीची किल्ली आहे? माणसं, यंत्रं, अधिकार, सगळ्यांची नोंदवही तिथं. ती नसेल तर बाकीचे सर्व्हर परत उभे करूनही एकमेकांना ओळखणार नाहीत.

मर्स्ककडे असे जवळपास १५० डोमेन कंट्रोलर जगभर पसरलेले होते. एकाच्या वहीत नोंद झाली की ती बाकीच्यांच्या वहीत आपोआप उतरायची. एक बंद पडला तरी उरलेले आहेतच, हा हिशेब. आग, पूर, बिघडलेली डिस्क, या सगळ्यांपुढे तो हिशेब टिकला असता. पण ते सगळे एकाच जाळ्यात होते आणि जाळ्यातूनच आलेल्या संकटानं ते एकदम पुसले.

जगभरच्या डेटा सेंटरना फोन सुरू झाले. आणि घानातून उत्तर आलं. तिथला एक डोमेन कंट्रोलर शाबूत होता. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्याबाहेर राहिलं. वीज जाण्याचा आपल्याला किती राग येतो! त्या एका खंडित पुरवठ्यानं एका जगभरच्या कंपनीची नोंदवही वाचवली.

[विमानतळ. हातातली छोटी पिशवी.]

आता ती माहिती इंग्लंडला आणायची. शेकडो जीबी, आणि घानातलं इंटरनेट इतकं संथ की पाठवायला कित्येक दिवस लागले असते. डिस्क घेऊन कुणीतरी यावं, तर तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग घानाचा एक कर्मचारी नायजेरियाला गेला. तिथं विमानतळावर त्यानं डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो सहकारी साडेसहा तासांचा प्रवास करून हीथ्रोला उतरला.

असं एकच यंत्र उरलं की ते थेट जाळ्यात जोडायचं नसतं. आधी ते एकटं, तोडून उभं करतात. त्याच्या वहीत अजून सगळ्या साथीदारांची नावं असतात. ते परत येणार नाहीत हे त्याला कळलेलं नसतं. ती नावं काढतात, वाटून दिलेले सगळे अधिकार त्या एकाकडे घेतात. प्रवेशाची तिकिटं ज्या खात्याच्या सहीनं निघतात, त्याचा पासवर्ड दोनदा बदलतात, कारण हे खातं मागचा पासवर्डही लक्षात ठेवतं. मग त्याच्यावरून दुसरा, तिसरा. प्रतही ताजी लागते. साधारण १८० दिवसांपेक्षा जुनी असेल तर ती चालत नाही, कारण पुसलेल्या नोंदींची खूण तेवढेच दिवस जपली जाते आणि मग कधीच काढून टाकलेले लोक वहीत परत जिवंत होतात.

पुढच्या जानेवारीत, दावोसमध्ये, मर्स्कच्या अध्यक्षांनी आकडे सांगितले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० अॅप्लिकेशन नव्यानं बसवली. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

[एक खोली. टेबलावर जुना डेस्कटॉप, शेजारी दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप.]

४,००० सर्व्हरची कल्पना करता येत नाही. म्हणून आम्ही एकच कॉम्प्युटर घेतला. ओळखीच्या किराणा दुकानदाराचा. आठ वर्षांचा हिशेब त्यात. ते दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतात: नुसत्या फायली नाहीत, अख्ख्या डिस्कची प्रत, विंडोजसकट. ती दुसऱ्या यंत्रावर कधी उतरवून पाहिली का, विचारलं तर म्हणाले, "तशी वेळच आली नाही."

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, प्रत निवडली. ५० मिनिटांत उतरली. पडद्यावर 'यशस्वी'. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर त्याला विंडोज सापडेचना. कॉम्प्युटर चालू होताना जो छोटा प्रोग्राम विंडोज शोधून उघडतो, तो जुन्या डेस्कटॉपमध्ये जुन्या पद्धतीचा, म्हणजे बायोस होता; लॅपटॉपला फक्त नवी यूईएफआय पद्धत कळते. डिस्कची आखणी बदलली, सुरुवातीचा भाग नव्यानं लिहिला. मग निळा पडदा: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. विंडोज डिस्कवर आहे, पण त्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. जुन्या यंत्रात त्याची गरजच नव्हती. अख्खी प्रत म्हणजे त्या यंत्राच्या सवयींचीही प्रत असते.

ड्रायव्हर शोधायला तिसरा कॉम्प्युटर आणि इंटरनेट लागलं. मेडनहेडची माणसं दुकानांत का धावली, ते इथं उमगलं. बंद विंडोजमध्ये बाहेरूनच ड्रायव्हर घातला. अडीच तास गेले त्यात. मग विंडोज उघडलं, पण वायफाय नाही, अक्षरं बोजड, आणि परवाना अमान्य; तो जुन्या मदरबोर्डशी बांधलेला.

दुकानदार खुर्ची ओढून बसले. हिशेब उघडला. मागच्या रविवारपर्यंतची प्रत्येक उधारी जागेवर होती. त्यांनी दोन-तीन नावं बोटानं वाचली, मनाशीच.

लॅपटॉपला केबल जोडण्याआधी आम्ही डेस्कटॉपची केबल काढली. एकाच नावाची दोन यंत्रं एका जाळ्यात नकोत.

[हात. चिकटपट्टी. पेन.]

डिस्कच्या डबीवर त्यांनी चिकटपट्टी लावली. तारीख घातली. खाली लिहिलं: 'दुसऱ्यावर उतरवून पाहिलं. साडेतीन तास. ड्रायव्हर सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये.' डबी दुकानात ठेवायची नाही असं ठरलं. ती ते घरी घेऊन गेले.