गाडीखाली उभा राहणारा माणूस

[दृश्य: लेस्टर, इंग्लंड. सकाळचे आठ. ओल्या रस्त्यावरून एक छोटी निळी गाडी गॅरेजच्या फाटकात वळते.]

लेस्टर शहराच्या कडेला कारखान्यांची रांग आहे, आणि त्या रांगेत एक लहानसं गॅरेज. दारावर निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण. ही पाटी दिसली की समजायचं, इथे एमओटी होते, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची चाचणी. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची ती आद्याक्षरं. त्या नावाचं खातं आता नाही, चाचणीला मात्र नाव तेच चिकटलंय.

ही गाडी माझ्या धाकट्या भावाची. 2011 ची, पेट्रोलवर चालणारी, तिसऱ्या हाताची. आज तिचं वर्षाचं पासिंग आहे. पासिंग हा शब्द आमच्या बाबांचा. सांगली-तासगाव रस्त्यावर त्यांची वडापची, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप होती. पासिंगची तारीख जवळ आली की घरात दोन दिवस रंगाचा वास असायचा. बंपर रंगवायचा, रेडियमच्या पट्ट्या नव्या लावायच्या, सीटची शिवण दुरुस्त करायची. त्यामुळे काल रात्री फोनवर त्यांनी पहिलं विचारलं, “अरे, गाडी धुतलीस का नीट?”

इथे धुतलेल्या गाडीला जास्त गुण नाहीत. इथला माणूस गाडीच्या खाली उभा राहतो.

[दृश्य: गाडी लिफ्टवर चढते. टॉर्चचा उजेड तळावरून फिरतो.]

ब्रिटनमध्ये गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी ही चाचणी द्यावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये 4 वर्षांनी. सुरुवात 1960 सालची, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असतानाची. तेव्हा फक्त 10 वर्षांवरच्या गाड्या तपासायच्या, आणि त्याही ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढ्याच बाबतीत. पण नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या, की 1961 मध्येच ही अट 7 वर्षांवर आणली आणि 1967 मध्ये 3 वर्षांवर.

आजही दहातल्या साधारण तीन गाड्या पहिल्या फेरीत नापास होतात. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं. हे ऐकून जुनी गाडी घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण त्या नापासांची कारणं वाचा. दिवे, टायर, सस्पेन्शन, ब्रेक, वायपर, काच. यातल्या कितीतरी गोष्टी घराच्या दारात, आदल्या संध्याकाळी पाच मिनिटांत कळल्या असत्या. टायरची नक्षी मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत किमान 1.6 मिलिमीटर हवी, यासाठी मेकॅनिक लागत नाही. कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबायचा, दिवा लागतोय का विचारायचं. बस.

[दृश्य: रोलरवर मागची चाकं फिरतात. काटा थरथरत वर जातो.]

तपासनीस काहीही उघडत नाही. एक नट सैल करत नाही. तो पाहतो, हलवतो, ऐकतो. पहार घालून सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी बुशं हलवून बघतो. चाक दोन्ही हातांनी धरून झुलवतो. धूर मोजतो. डॅशबोर्डवर एअरबॅगचा किंवा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा पेटून राहिला असेल तर तेवढ्यावरही नापास करतो. पण इंजिनाची तब्येत, क्लच, गिअरबॉक्स यांची तपासणी या चाचणीत नाहीच. हे इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांना मी कळकळीने सांगते. “एमओटी ताजी आहे” एवढ्यावर भुलून गाडी घेऊ नका. क्लच पुढच्या आठवड्यात गेला, तरी तो कागद खोटा ठरत नाही.

आणि एक आवाज ऐका.

[ध्वनी: हातोडीने पत्र्यावर हलके ठोके. टण. टण. टण. मग, भद्द.]

पुन्हा ऐका.

[ध्वनी: टण. टण. भद्द.]

दाराखालची ही पन्हळीसारखी पट्टी. इथे तिला सिल म्हणतात. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून रात्री मिठाच्या गाड्या फिरतात. ते मीठ पाण्यातून उडतं, या पट्टीच्या आत शिरतं आणि तिथेच बसतं. वरचा रंग चकचकीत असतो, आतून पत्रा पापुद्रे धरत असतो. चांगला पत्रा टणकन बोलतो, गंजलेला बोलत नाही. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेला असतो, त्याच्या 30 सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा दुबळा झाला असेल तर गाडी नापास. मग वेल्डिंग. आणि वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करायला लागला, की ती गाडी भंगारात जाते. इंजिन ठणठणीत असतानाही. इथल्या कित्येक जुन्या गाड्या इंजिनामुळे नाही, मिठामुळे जातात.

सांगलीच्या कोरड्या उन्हात बाबांच्या जीपला हा शत्रू ठाऊकच नव्हता.

तपासनीस टॉर्च तिथेच धरून ठेवतो. अंगठ्याने दाबून बघतो. पत्रा आत जात नाही. तो लिहून घेतो.

तो काय लिहितो, यात सगळं आलं. 2018 च्या मेपासून दोषांचे तीन प्रकार आहेत. ‘डेंजरस’ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. ‘मेजर’ म्हणजे नापास. ‘मायनर’ असला तर पास. आणि या तिन्हींच्या खाली असते ॲडव्हायझरी. गाडी पास आहे, पण या जागेवर लक्ष ठेवा, असा शेरा.

मला विचाराल, तर सगळ्यात मोलाची ओळ तीच. ॲडव्हायझरी म्हणजे पुढच्या वर्षीच्या नापासाची आगाऊ चिठ्ठी.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर निकालांची यादी सरकते.]

आणि ही चिठ्ठी कुणालाही वाचता येते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका, 2005 पासूनचा प्रत्येक निकाल समोर येतो. फुकट. त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, तेही.

भावाने ही गाडी घेण्याआधी एक चंदेरी गाडी पाहिली होती. देखणी, दोन आठवड्यांपूर्वीच पास झालेली, कधीही नापास न झालेली. आम्ही नंबर टाकला. तीन वर्षं लागोपाठ एकच शेरा: मागच्या ब्रेकची नळी गंजतेय. तीन वर्षांत मालकाने तिला हात लावला नव्हता. आणि ही निळी गाडी? दोनदा नापास. एकदा स्प्रिंग तुटली म्हणून, एकदा टायरमुळे. पण दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी पास, आणि आधीच्या वर्षीचा एकही शेरा पुढच्या वर्षी दिसत नाही. कुणीतरी दरवर्षी तो कागद वाचून काम करून घेतलं होतं. भावाने दोनदा नापास झालेली गाडी घेतली. मी तेव्हा त्याच्याशी भांडले होते. चूक माझी होती.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते. त्या काळात पीयूसी होते, पण गाडी उचलून खाली बघायला कुणी बोलावत नाही. फिटनेसची दरवर्षीची फेरी बाबांसारख्यांना, 8 वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांना. घाट उतरणाऱ्या घरच्या गाडीच्या ब्रेकच्या नळीला ती गाडी कोणत्या कामाची आहे, हे ठाऊक नसतं. आपल्या गाड्यांचीही अशी वर्षावर्षाची वही असावी आणि ती कुणालाही वाचता यावी, असं मला फार वाटतं.

[दृश्य: लिफ्ट खाली येते. भाऊ ब्रेकवर पाय ठेवतो, तपासनीस मागे उभा.]

डावा ब्रेकलाइट लागत नाही.

इतकं सगळं करून एक बल्ब! आदल्या रात्री आम्ही गाडी धुतली होती, बाबांचा शब्द मोडवला नाही. पण मागे कुणी उभं राहिलं नव्हतं. गॅरेजमध्येच बल्ब बदलला. तासाभरात, तिथल्या तिथे दुरुस्त झालं की चाचणी पास धरतात. नोंदीत मात्र तो बल्ब राहतो. चाचणीची फी जास्तीत जास्त 54 पौंड 85 पेन्स. हा आकडा 2010 पासून हललेला नाही.

पास. एक ॲडव्हायझरी: डावी सिल, मागच्या चाकाजवळ, गंज.

भावाने गॅरेजच्या दारातूनच फोन लावला.

“बाबा, झालं पासिंग.”

“खाली काय निघालं?”

“डाव्या बाजूला गंज आहे थोडा.”

“मग आजच दाखव कुणाला तरी. मीठ पडायच्या आत.”

[दृश्य: भाऊ परत आत जातो. हातात तो कागद. वेल्डिंग करणाऱ्यासमोर गुडघ्यावर बसून दाराखाली बोट दाखवतो.]