वाळवंटातही ‘एक ते चार बंद’

(हातातला घडी पडलेला कागद कॅमेऱ्यापुढे धरून)

नमस्कार मंडळी! हा कागद बघा. आम्ही पहिल्यांदा पुण्याहून गाडीनं जैसलमेरला गेलो, तेव्हाची माझी यादी. वाटेतली अकरा ठिकाणं. प्रत्येकापुढे किलोमीटर आहेत, टोल आहे, चहा कुठे घ्यायचा तेसुद्धा आहे. आता यात काय राहिलंय ते सांगते. त्या त्या वेळी ऊन कसं असेल, हे कुठेच लिहिलेलं नाही.

त्यामुळे झालं काय, की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरच्या पुढे सम गावाजवळच्या वाळूवर आम्ही पोचलो संध्याकाळी सहा वीसला. साधारण १२०० किलोमीटर गाडी हाकून आलो आणि समोर काय? अंधार, मोबाईलचे टॉर्च आणि तंबूंमधला डीजे. नवरा काही बोलला नाही. सासूबाई बोलल्या.

माझा हिशोब तसा चुकीचा वाटत नव्हता. जैसलमेर पुण्याच्या पश्चिमेला आहे, म्हणजे तिथे सूर्य उशिरा मावळणार. पण ते उत्तरेलाही आहे ना! पुणे साडेअठरा अंशांवर, जैसलमेर जवळजवळ सत्तावीसवर. हिवाळ्यात जितकं उत्तरेला जाल तितका दिवस लहान. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जैसलमेरला साडेसातच्या सुमारास. मावळतो मात्र दोन्हीकडे सहाच्या आसपासच. म्हणजे अर्धा तास पहाटेलाच कापला जातो आणि संध्याकाळी तो परत मिळत नाही.

म्हणून आता मी यादी उलटी करते. आधी सूर्यास्त लिहायचा आणि तिथून मागे मोजत यायचं.

(पाठीमागच्या फळ्यावर लिहीत)

सूर्यास्त सहा. वाळूवर खरा रंग चढतो तो शेवटच्या तासाभरात, म्हणजे पावणेपाचला आपण धोऱ्यावर हवे. धोरा म्हणजे तिकडे वाळूची टेकडी. जैसलमेर ते सम चाळीसेक किलोमीटर, तासभर धरा. मुक्कामाच्या जागी सामान टाकायला अर्धा तास. म्हणजे जैसलमेर सोडायचं सव्वातीनला. मग जेवण कधी? एक वाजता. आणि आदल्या रात्रीचा मुक्काम बाडमेरला, तिथून निघायचं कधी? सकाळी आठला. ते अंतर दीडशेच्या आसपास आहे, आरामात होतं.

आता दुपारबद्दल. पुणेकर आहे, त्यामुळे हा विनोद मला करावाच लागेल, शिळा असला तरी. वाळवंटसुद्धा एक ते चार बंद असतं. दुकान उघडं दिसतं, पण माल नसतो! कारण अगदी साधं आहे. वाळूवर ज्या लाटा दिसतात, त्या बोटभर उंचीच्या असतात. ऊन तिरकं आलं की प्रत्येक लाटेची सावली पडते, आणि आपल्याला दिसते ती खरं तर सावलीच. डोक्यावर ऊन आलं की सावली गेली, लाटा गेल्या, आणि समोर उरतो बांधकामाच्या साइटवर टाकलेला वाळूचा ढीग.

मग दुपारी करायचं काय? ज्या जागांना उन्हाच्या कोनाशी देणंघेणं नाही, त्या दुपारी टाकायच्या. जैसलमेरच्या किल्ल्यातल्या गल्ल्या घ्या. ११५६ सालचा किल्ला, आत अजून लोक राहतात, दारात कपडे वाळत घातलेले असतात, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की भर दुपारी सावली मिळते. किंवा बाडमेर रस्त्यावरचं आकल. जैसलमेरच्या अलीकडे सतरा-अठरा किलोमीटरवर. तिथे झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत, ज्युरासिक काळातले, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. फोटोला काही नाही हं, आधीच सांगते. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेला तपकिरी दगड. पण त्या रखरखाटात उभं राहून ‘इथे जंगल होतं’ हे ऐकायचं, त्यासाठी अर्धा तास द्यावा. दुपारचा द्यावा.

कुलधरा मात्र दुपारी नको. समच्या वाटेवरच, जैसलमेरहून अठराएक किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचं हे ओस पडलेलं गाव. छपरं गेलीत, दगडी भिंती उभ्या आहेत, आणि तिरक्या उन्हात त्या भिंतींमुळे गल्ल्यांचा अख्खा नकाशा उठून येतो. गाईड तुम्हाला दुष्ट दिवाण आणि एका रात्रीत सोडलेलं गाव ही गोष्ट सांगेल, शिवाय भुतं फुकट. ऐका. पण त्याला ‘खडीन’बद्दलही विचारा. पालीवालांनी उताराच्या पायथ्याशी लांबच लांब मातीचे बांध घातले. पावसाचं पाणी वरच्या खडकाळ जमिनीवरून वाहत येऊन बांधापाशी थांबायचं, जमिनीत मुरायचं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा यायचा. वाळवंटात गहू! आपल्याकडे दुष्काळी भागात बांधबंदिस्तीची कामं बघितलेल्यांना तर हे फार आवडेल. मला भुतांपेक्षा ते बांध जास्त गूढ वाटतात. आम्ही हे गाव समहून परतताना सकाळी केलं.

पण परतताना एक लक्षात ठेवा. सम जैसलमेरच्या पश्चिमेला आहे. म्हणजे संध्याकाळी जाताना सूर्य डोळ्यात आणि सकाळी येताना पुन्हा डोळ्यात. काच आतूनही पुसून घ्या, गॉगल ड्रायव्हरचा हक्काचा.

आता पुण्याहून तिथवर. पहिला दिवस अहमदाबाद, साडेसहाशेच्या वर किलोमीटर. या दिवसात नजारे शोधू नका. पहाटे चारला निघा, ठाण्याची गर्दी जागी व्हायच्या आत पार करा, बस. दुसऱ्या दिवशी मोढेरा की पाटण, हा प्रश्न येतो. मोढेऱ्याचं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव, दोन्ही अकराव्या शतकातली, एकमेकांपासून पस्तीसेक किलोमीटरवर. दोन्ही केलं तर बाडमेर रात्री. माझा कौल पाटणला. खिशातली शंभराची जांभळी नोट उलटी करा, तीच ती. सात मजले जमिनीत उतरणारी विहीर. शतकानुशतकं गाळात बुजली होती, १९८०च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं मोकळी केली. उतरायचा जिना पूर्वेकडून आहे, म्हणून सकाळी जा, ऊन तुमच्याबरोबर पायऱ्या उतरतं.

अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर गाडी चालवू नका. गाय निदान पांढरी असते, दिव्यात दिसते. उंट वाळूच्याच रंगाचा, आणि दिवे त्याच्या पायांवर पडतात. फोटोसाठी गाडी डांबराखाली उतरवायची नाही, कडेची वाळू वरून घट्ट दिसते आणि चाक गिळते. आम्हाला ट्रॅक्टरनं काढलं. तिकडून पुढे सीमेजवळच्या लोंगेवाला-तनोटला जाणार असाल, तर टाकी जैसलमेरलाच भरा, नकाशा आधी डाउनलोड करा, ओळखपत्र जवळ ठेवा. आणि बायकांसाठी खास: स्वच्छतागृह हासुद्धा नियोजनातला थांबा आहे. बरा पेट्रोल पंप दिसला की गरज असो-नसो, उतरायचं.

रात्रीचं आकाश हवं असेल तर निघायच्या आधी कालनिर्णय बघा. अमावास्येच्या आसपास तारे, पौर्णिमेला चांदण्यातली वाळू. दोन्ही एकाच सहलीत मिळत नाही. माझं मत विचाराल तर तारे. आणि समपेक्षा शांत जागा हवी असेल तर खुडी. समलाच राहिलात, तर सूर्योदय चुकवू नका. डीजेवाली मंडळी झोपलेली असतात, वाऱ्यानं बऱ्याचशा पाऊलखुणा बुजवलेल्या असतात, आणि वाळूवर रात्री फिरलेल्या किड्यांची बारीक शिवण दिसते.

शेवटचं. रोज एक तास कोरा ठेवा, त्यात काही लिहू नका. थरचं वाळवंट सगळीकडे नुसत्या वाळूचं नाही, कितीतरी ठिकाणी खुरट्या झुडपांचं आणि मुरमाड आहे. आपल्याकडचीच रुई रस्त्याला लागून उभी असते. बाडमेर सोडल्यावर अशाच कोऱ्या तासात एका झाडाखाली थांबलो. ड्रायव्हरला पाय मोकळे करायचे होते. सासूबाईंनी फांदी हातात घेतली, पान बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर शमी! गणपतीच्या पत्रीत मंडईतून पुडी आणतो ती.” तिकडे तिला खेजडी म्हणतात, राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. त्या रात्री ताटात केर-सांगरीची भाजी आली. त्यांनी आधी बाजूला सारली. सांगरी म्हणजे त्याच झाडाची शेंग, हे कळल्यावर दोनदा वाढून घेतली.